वंदूची डावी भुवई

"सिस्टर, कितने दिन चलेगा?"

स्नेहलतागंजच्या त्या स्किन क्लिनिकमध्ये मी अर्धं आयुष्य घालवलं आणि हा प्रश्न हिंदीत, मराठीत, माळवीत, इंग्रजीत, कधी नुसत्या बोटांनी कपाळाकडे दाखवून इतक्या वेळा ऐकला की झोपेत कोणी विचारलं तरी माझं उत्तर तयार असायचं. तीन ते चार महिने. कोणाचं थोडं कमी, कोणाचं थोडं जास्त. साडी घेताना रंग जाणार का म्हणून विचारतात ना, तसंच लोक विचारायचे. बाकी सुई दुखेल का, धोका काय, हे सगळं नंतर.

आमच्या मंडळाच्या संपादकबाईंनी अंकासाठी लिहा म्हटलं तेव्हा त्यांना वाटलं असेल, सिस्टर चेहरा उजळायच्या चार टिप्स देतील. त्या मी देणार नाही. टिप्स हव्या असतील तर रात्री झोपताना तोंड धुवा, विषय संपला. मला त्या एका प्रश्नाबद्दल सांगायचं आहे, आणि तो उलटा विचारणाऱ्या एकाच मुलीबद्दल.

आधी धंद्याची गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. सुरकुत्यांचं इंजेक्शन म्हणजे एका अंगठ्याएवढ्या बाटलीच्या तळाशी दिसेल न दिसेल अशी भुकटी. मुंबईहून थर्मोकोलच्या डब्यात, बर्फाच्या पिशव्यांमध्ये यायची. मूळचं ते विषच. खराब झालेल्या डबाबंद अन्नात तयार होतं आणि माणसाला लुळं पाडतं, तेच. पण एवढं थोडं द्यायचं, की जिथे टोचलं तिथलाच स्नायू गप्प बसतो. मी ते सलाईनमध्ये विरघळवायची, अगदी हळू, फेस न करता. मग पेशंटला खुर्चीत बसवून पांढऱ्या पेन्सिलने कपाळावर ठिपके मारायचे आणि डॉक्टर मॅडम येऊन त्या ठिपक्यांवर इन्सुलिनच्या बारीक सुईने टोचायच्या. पहिले दोन दिवस काहीच होत नाही. पेशंट फोन करून भांडतात. मग हळूहळू कपाळ जड होतं आणि दोन आठवड्यांत आठी घालायची म्हटलं तरी पडत नाही. नंतर कधीतरी नस स्नायूपर्यंत नवी वाट काढते आणि चेहरा हलायला लागतो. मधल्या काळात याला उतारा नाही. दिलं ते दिलं.

टोचायच्या आधी फोटो काढायचे, ते काम माझं. जमिनीवर चिकटपट्टीची खूण, तिच्यावर उभं करायचं आणि पाच फोटो. एक साधा, एक भुवया वर करून, एक आठी घालून, एक डोळे घट्ट मिटून, एक हसून. सगळे फोटो मी प्रिंट करून फाईलला लावायची. कपाटात शेकडो लोक डोळे घट्ट मिटून बसलेले होते. पहिल्या वर्षी मला त्या कपाटाकडे पाठ करून बसवत नसे. पुढे सवय झाली.

आणि एक रिवाज होता आमच्याकडे. बाटली एकदा फोडली की मॅडम ती दुसऱ्या दिवशी वापरत नसत. संध्याकाळी जे उरेल ते फेकायचं. मी महू छावणीची. आजोबा पलटणीत, वडील शाळामास्तर, घरात भाकरीचा तुकडा वाया गेला तर जेवण गोड लागत नसे. एवढं महाग औषध बेसिनमध्ये ओतताना माझा हात थांबायचा. मॅडम एकदा हसत म्हणाल्या, "तुम्हाला लावू का? पेशंटला दाखवायला बरं." तेव्हापासून उरलेलं माझ्या कपाळावर. पेशंट घाबरला की मॅडम मला बोलवायच्या. "सिस्टर, जरा रागवून दाखवा." मी रागवायची आणि कपाळावर काहीच उमटायचं नाही. पेशंट खूश. मीही खूश, खोटं कशाला बोलू? रेल्वे स्टेशनवर जुनी मैत्रीण भेटली तर मला माझ्याच मुलीची बहीण समजायची.

घरी मात्र एक गंमत झाली. आमचे हे रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. पेपर वाचता वाचता माझ्या कपाळाकडे बघून विचारायची त्यांची जुनी खोड, "रागावलीस का?" लग्नापासूनची. आधी ते विचारायचे तेव्हा मी खरंच रागावलेली असायची. मग इंजेक्शनं सुरू झाली आणि हळूहळू त्यांचं विचारणं थांबलं. मला वाटलं, चला, एक झंझट गेली.

गिऱ्हाइकं एकेक नमुने यायची. सांवेरचे एक पटेल, कॉलनी बांधणाऱ्या बिल्डरला शेत विकून, नवीन मोटारसायकलवर आले होते. ट्रॅक्टरवर उन्हात बसून बसून त्यांच्या एका डोळ्यापाशी सुरकुत्यांचं जाळं झालं होतं, दुसऱ्यापाशी कमी. म्हणाले, "सिस्टरजी, एक तरफ का करो, और आधे मुँह का आधा भाव लगाओ." तो काळच तसा होता. एकीकडे मिली बंद होऊन वर्षं लोटलेली, भोंगे गप्प, चिमण्यांवर झाडं उगवलेली. दुसरीकडे नवे शोरूम, नवी कॉलनी, मोबाइल, आणि लोकांच्या डोक्यात एकदम आलेलं की चेहराही नवा मिळतो.

वेटिंगमधली एक दुपार आठवते. चार जुन्या पेशंट सोफ्यावर बसल्या होत्या. एकीने किस्सा सांगितला, सगळ्या खदखदून हसल्या. मी आतून हसण्याचा आवाज ऐकून बाहेर डोकावले, तर आवाज चालू आणि चार चेहरे तसेच, डोळे उघडे, कपाळं सपाट. मी परत आत गेले आणि दार लावून घेतलं.

आणि एक ती साडीच्या दुकानवाल्यांची सून. इंजेक्शन घेऊन तीन आठवडे झाले असतील, पोटाच्या दुखण्याने चार दिवस तडफडून गेली. हॉस्पिटलमधली नर्स माझ्या ओळखीची, तिने मला काय काय झालं ते सांगितलं होतं. मी शेवटचं दर्शन घ्यायला गेले तर सगळ्या बायका म्हणत होत्या, "कितनी शांति से गई." मी पाया पडायला वाकले. दोन भुवयांच्या मध्ये जिथे मी पेन्सिलने ठिपका मारला होता, ती जागा गुळगुळीत होती. चार दिवसांचं दुखणं कपाळावर लिहिलं जायला हवं होतं, ते लिहायला आम्ही जागाच ठेवली नव्हती. घरी येताना रिक्षात मला पहिल्यांदा वाटलं की कितने दिन चलेगा याचं उत्तर मला पूर्ण माहीत नाही.

आता वंदूची गोष्ट.

वंदना परदेशीपुऱ्याची. आई लहानपणीच गेलेली, घरात ती आणि तिचे बाबा. बाबा मिलमध्ये मागावर होते. मिल बंद पडली आणि छातीत गेलेलं सूत तेवढं त्यांच्याबरोबर घरी आलं. वंदू एका मोबाइल कंपनीच्या काउंटरवर लागली होती, दोघांचं घर त्या पगारावर. तिच्या मॅनेजरने तिला बोलावून सांगितलं होतं की कस्टमर कम्प्लेंट करतात, तुमचा चेहरा फार हलतो, बोलताना कपाळ किती नाचवता, समोरच्याला वाटतं तुम्ही चिडलात. पुढच्या महिन्यात सुधारलं नाही तर बघावं लागेल.

फोटो काढताना मी म्हटलं, "खरंच गं, तुझ्या भुवया काही थांबत नाहीत."

ती हसली. "सिस्टर, त्या आमच्या घरच्या भाषेच्या आहेत ना."

मग तिने सांगितलं. जिथे माग चालतात तिथे इतका आवाज की शेजारचा ओरडला तरी ऐकू येत नाही. आणि सूत उडतं म्हणून नाकातोंडावर गमछा बांधलेला, मतलब ओठही दिसत नाहीत. राहिले डोळे आणि भुवया. तर मागावरची माणसं भुवयांनी बोलायची. दोन्ही वर, काय झालं? आठी, धागा तुटला. डोळे मिटून उघडले, हो. एक भुवई वर आणि नजर बाजूला, बघ, कोणीतरी येतंय, म्हणजे जॉबर, सगळ्यांवर नजर ठेवणारा. बाबांचे कान तिथेच गेले. घरी आल्यावरही ते तीच बोली बोलायचे, आणि वंदू तोंडाने बोलायच्या आधी भुवयांनी बोलायला शिकली. दारावर कोणी आलं की डावी भुवई वर करून ती त्यांना सांगायची. बहिऱ्या माणसाला दार वाजलेलं कसं कळणार?

मी ऐकून घेतलं. मला छान वाटलं ते. पण त्याचा पुढचा विचार माझ्या डोक्यात आला नाही, तिच्याही नाही. हे मी आजही स्वतःला माफ करत नाही.

तिने फक्त भुवयांमधल्या आठीचं विचारलं होतं. तेवढंच जमणार होतं तिला. मॅडमनी तेवढंच टोचलं. पण त्या दिवशी नंतरची पेशंट आली नाही आणि फोडलेली बाटली अर्धी शिल्लक. मी मॅडमना म्हटलं, "उरलेलं आज मला नको. हिला पूर्ण कपाळाला आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांना देऊन टाका. पोरगी गरजू आहे, वाया कशाला?" मॅडम बोलल्या, "ठीक आहे, तुमच्या हिश्श्याचं तिला." वंदूने माझा हात धरून थँक्यू म्हटलं. ठिपके मीच मारले. डाव्या भुवईच्या वरचा शेवटचा टोचा आला तेव्हा सिरिंजमध्ये जेमतेम थेंब उरला होता. मॅडम म्हणाल्या, चालेल.

तिसऱ्या आठवड्यात वंदू परत आली. काय चेहरा झाला होता. मॅनेजर खूश असणारच. संगमरवरी म्हणतात ना, तसं कपाळ. मला माझ्या कामाचा अभिमान वाटला. ती खुर्चीत बसली आणि तिने तोच प्रश्न विचारला.

"सिस्टर, किती दिवस टिकतं?"

मी रुबाबात म्हटलं, "चार महिने आरामात. तुला तर भरपूर दिलंय, पाचपर्यंत पण जाईल."

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी इतकी वर्षं हे काम करत होते, पण कपाळ न हलता रडणारं माणूस मी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. नळ गळतो तसं पाणी येत होतं आणि चेहरा कोणा दुसऱ्याचा.

"कमी कसं होईल ते सांगा," ती म्हणाली. "बाबा मला ओळखत नाहीत."

बाबांची छाती महिनाभरात एकदम बिघडली होती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं, दोन-तीन महिने मिळतील म्हणाले. आणि इकडे त्याच आठवड्यात तिचं कपाळ थांबलं. पहिल्यांदा बाबांनी दोन दिवस तिच्याकडे निरखून बघितलं. तिसऱ्या दिवशी तिने भात भरवला तेव्हा हात जोडून म्हणाले, "बाई, तुमचे उपकार झाले. पण आता माझी पोरगी येईल, तुम्ही तुमच्या घरी जा."

तिने समजावलं. त्यांना ऐकू येत नाही. पाटीवर लिहिलं, मी वंदू. त्यांनी वाचलं आणि विचारलं, "तुम्ही वंदूला ओळखता का? कुठे आहे ती?" बनियन बदलताना ते लाजायला लागले. अनोळखी बाईसमोर कसं काढायचं? रोज संध्याकाळी विचारायचे की वंदू कामावरून आली नाही का. तीच समोर उभी असायची, त्याच साडीत, तोच डबा हातात घेऊन.

"तोंड तेच आहे ना गं," मी म्हटलं, उगाच.

"बाबांनी माझं तोंड कधी बघितलंच नाही, सिस्टर. ते कपाळ बघतात."

मी मॅडमकडे गेले. मॅडम काय सांगणार? उतारा नाही. थांबायचं. वंदूने घरी जाऊन कोमट तेलाने कपाळ चोळलं, शेक घेतले, कोणी सांगितलं म्हणून खजरान्याच्या गणपतीला नवस बोलून आली. सकाळ-संध्याकाळ आरशासमोर बसून भुवया वर करायचा प्रयत्न करायची. मला म्हणाली, "आतून मी बोलते सिस्टर, पूर्ण जोर लावून बोलते. बाहेर काही येत नाही."

मला राहवेना. मग मी दुसरी चूक केली. तिच्या फाईलमधले पाच फोटो काढले आणि तिला दिले. म्हटलं, बाबांना दाखव, त्यांना पटेल की हा चेहरा तुझाच आहे.

आठ दिवसांनी मी तिच्या घरी गेले, बघायला. एक खोली, मागे छोटं स्वयंपाकघर, खिडकीजवळ खाट. बाबा उशांना टेकून बसले होते, माणूस काडीसारखा झालेला, गळ्यात गमछा. हातात भुवया वर केलेला फोटो होता. फोटोतली वंदू त्यांना विचारत होती, काय झालं? आणि ते तिला उत्तर देत होते. "काही नाही बेटा. दम लागतो थोडा." मग त्यांनी पत्ते बदलावेत तसा फोटो बदलला. हसणारा काढला, स्वतः हसले. त्यांच्या भुवया नाचत होत्या, काहीतरी लांबलचक सांगत होते त्या कागदाला. वंदू दोन हात अंतरावर पाण्याचा पेला घेऊन बसली होती. तिने पेला पुढे केला तर त्यांनी फोटो छातीशी दाबला, ही बाई काढून घेईल म्हणून.

मी चहा न घेता निघाले. जिन्यात वंदू म्हणाली, "आता ते माझी वाटही बघत नाहीत. त्यांना ती मिळाली." मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं. दोन सपाट कपाळं समोरासमोर, आणि तिला माझी शरम दिसत होती की नाही, मला कळायला मार्ग नव्हता. मी तोंडाने म्हटलं, "मला माफ कर वंदू." ती म्हणाली, "तुम्ही चांगलंच करायला गेला होतात." तेही खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

त्यानंतर आमची मोजणी सुरू झाली. ती दर सोमवारी कामावर जायच्या आधी क्लिनिकमध्ये यायची, मी तिला चिकटपट्टीच्या खुणेवर उभी करायची आणि म्हणायची, भुवया वर. सहावा आठवडा, काही नाही. आठवा, काही नाही. एरवी या टप्प्यावर पेशंटचं औषध उतरायला लागलं तर मला धास्ती वाटायची, आता फुकट टच-अप मागतील म्हणून. इथे मी कपाळावर एक रेघ उमटावी म्हणून देवाला विनवत होते. तिकडे बाबांचा श्वास छोटा छोटा होत चालला होता. कोण आधी पोहोचतंय एवढाच प्रश्न होता.

दहाव्या आठवड्यातल्या सोमवारी डाव्या भुवईचं टोक हललं. तांदळाच्या दाण्याएवढं. तिला कळलं नाही, मला कळलं, कारण शेवटचा अर्धा थेंब तिथेच पडला होता. मी म्हटलं, "परत कर." परत हललं. उजवी बाजू मेलेलीच. मी तिला आरसा दिला. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "फक्त एकच शब्द आला माझा."

पुढच्या सोमवारी ती आली नाही. कामावर फोन केला तर सुट्टीवर. मंगळवार, बुधवार, मी धीर धरला. रविवारी क्लिनिक बंद, दुपारी जेवून मी परदेशीपुऱ्याला गेले. रस्त्यावर लग्नाची वरात अडकली होती, सगळीकडे बँडचा आवाज. जिना चढेपर्यंत बँड लांब राहिला. दार उघडंच होतं.

आत वंदू खाटेच्या कडेला बसली होती, माझ्याकडे पाठ करून. बाबांच्या हातात फोटो. ते फोटोकडेच बघत होते, पण बोलत नव्हते, तेवढा श्वास नव्हता. माझी चप्पल उंबऱ्यापाशी वाजली. वंदूने ऐकलं. त्यांना ऐकू येणार नव्हतं. आणि लहानपणापासून दार वाजलं की ती जे करायची ते तिने केलं. ठरवून नाही, नुसती सवय. आरशात बघून काही केलेलं नव्हतं ते. भिंतीवरच्या छोट्या आरशात मला तिचा चेहरा दिसत होता. डावी भुवई वर गेली, पूर्ण वर, आणि नजर माझ्या बाजूला वळली.

बाबांनी फोटोवरून डोळे उचलले.

तिच्याकडे बघितलं. बघतच राहिले. फोटो त्यांच्या हातातून गोधडीवर पडला.

"वंदू," ते म्हणाले, रोजचं म्हणावं तसं, "कोण आलं गं?"

वंदू जागची हलली नाही. मला वाटतं तिला भीती वाटली असेल की हललं तर परत जाईल. मग तिने त्यांचा हात धरला. त्यांनी तो काढून घेतला नाही. तिची भुवई तशीच वर होती, खाली घ्यायची तिची हिंमत नव्हती.

आणि मग, कोण आलं ते बघायला त्यांनी दाराकडे मान वळवली. दारात मी उभी होते.

त्यांनी माझं तोंड बघितलं नाही. कपाळ बघितलं. मी हसले, नमस्कार केला, जे करायचं ते केलं. त्यांची नजर माझ्या कपाळावर फिरली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, रिकाम्या पाटीवर काही लिहिलंय का बघावं तशी. मग त्यांनी गळ्यातला गमछा नाकातोंडावर ओढून घेतला, पूर्वी जॉबर आला की ओढत असतील तसा, वंदूकडे वळले आणि भुवयांनी तिला काहीतरी सांगितलं. भराभर. वंदूने माझ्याकडे एकदा बघितलं आणि खाली बघितलं.

मी फार थांबले नाही. मला त्या खोलीत थंडी वाजायला लागली होती, भर दुपारी.

बाबा त्यानंतर नऊ दिवस होते. नऊ दिवस त्यांनी वंदूला वंदूच म्हटलं. शेवटच्या दोन-तीन दिवसांत उजवी भुवईही थोडी हलायला लागली होती, त्यामुळे, वंदू म्हणाली, बऱ्याच गोष्टी बोलून झाल्या. सोळाव्या आठवड्यात ती ते पाच फोटो परत द्यायला क्लिनिकमध्ये आली. मॅनेजरने विचारलं होतं, पुढचं इंजेक्शन कधी. तिने सांगितलं, नाही घेणार. नोकरी सहा महिन्यांत गेली, मग तिला दुसरी मिळाली, मुलांच्या शाळेत. आता तिथेच आहे, पोरं तिच्या भुवयांना घाबरतात म्हणे.

त्या दिवशी फाईल लावून झाल्यावर मी तिला विचारलं, "त्या दुपारी बाबा तुला काय म्हणाले?"

"काही नाही सिस्टर."

"माझ्याबद्दल म्हणाले ना?"

तिच्या कपाळावर आता बारीक आठी पडत होती, तिच्यात मला दिसलं की सांगावं की नाही याचा ती विचार करते आहे. चार महिन्यांत पहिल्यांदा मी तिच्या मनातलं वाचू शकले.

"त्यांनी विचारलं," ती म्हणाली, "हिला पण घरी कोणी ओळखत नाही का?"

भुवयांच्या बोलीत एवढं लांब वाक्य बसतं, हे मला माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी बाटलीत चांगलं औषध शिल्लक होतं. मॅडमनी सुई भरून मला हाक मारली. मी म्हटलं, नको. मॅडमना वाटलं मी थट्टा करते. मी ते बेसिनमध्ये ओतलं आणि वरून बराच वेळ पाणी सोडलं. पुढेही नोकरी केली, ठिपके मारले, फोटो काढले, कितने दिन चलेगाला तीन ते चार महिने म्हणून सांगितलं. पोटासाठी करावं लागतं आणि काम मला येत होतं. पण उरलेलं कधी कोणाला दिलं नाही, स्वतःलाही नाही.

माझ्या कपाळावर पहिली रेघ यायला पाच महिने लागले. वर्षानुवर्षं घेतलेलं, हळू उतरलं. ज्या दिवशी आरशात दोन भुवयांच्या मध्ये खरी, खोल आठी पडलेली दिसली, त्या दिवशी मी चहा केला, ह्यांच्या समोर नेला आणि कप ठेवून आठी घालून उभी राहिले. ह्यांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "साखर आहे ना?" आणि पेपर उलटला.

त्यालाही आता खूप वर्षं झाली. ते रिटायर झाले, मीही झाले. सकाळचा चहा अजून मीच नेते. कप ठेवते, आठी घालते आणि थोडा वेळ उभी राहते.